रिकाम्या खुर्च्यांची गल्ली

मायरनची खुर्ची बर्फात उलटी पडली होती. चारी पाय वर, पिवळ्या रेक्झिनची बैठक खाली, आणि जिथे ती गेली कित्येक वर्षं हिवाळाभर उभी असायची तिथे एक पांढरी, गुळगुळीत, भाड्याची गाडी. मायरन दुबाक दारातच थांबला. एक हात कोटाच्या बाहीत गेलेला, दुसरा अजून बाहेर. छातीत काहीतरी बारीक तुटल्यासारखं झालं, बटण तुटावं तसं. काल संध्याकाळी त्याने स्वतः फावड्याने ती जागा साफ केली होती, कंबर धरून, शिव्या देत, अगदी डांबर दिसेपर्यंत. मग तळघरातून खुर्ची आणून मधोमध ठेवली. टॅनर स्ट्रीटवर साफ केलेल्या जागेत एकदा खुर्ची ठेवली की गाडीची ती जागा धरली. तिच्याकडे बघून पोलीससुद्धा गाडी पुढे घेतो, पाद्रीसुद्धा, आणि नवराबायकोचं भांडण झालं तर बायको घरातला सगळा संसार फेकते पण त्या खुर्चीला हात लावत नाही. आख्ख्या पिट्सबर्गात लहान पोरालाही हे कळतं. आता मायरनकडे गाडी नव्हती, ही गोष्ट खरी. लायसन्स होतं, गाडी नव्हती. ऑफिस दोन गल्ल्या खाली, त्याला गाडी लागतेच कशाला! पण तो प्रश्न वेगळा. खुर्ची होती ना?

खुर्ची बापाची. बाप पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होता. कारखाना बंद झाला त्या वर्षी त्याने आधी गाडी विकली, मग घड्याळ विकलं, आणि पहिला बर्फ पडला तसा फावडं घेऊन बाहेर गेला. मायरन तेव्हा शाळेत. खिडकीच्या काचेला नाक लावून बघत होता. बापाने नसलेल्या गाडीची जागा कोरून काढली, कडा सरळ केल्या, केक कापावा तशा, आणि स्वयंपाकघरातली एक खुर्ची नेऊन तिथे ठेवली. आई म्हणाली, "अहो, गाडी कुठाय?" बाप बूट झटकत म्हणाला, "येईल." बस, एवढंच. त्या वर्षी आली नाही, पुढच्या वर्षी आली नाही, बाप गेला तरी आली नाही. पण गल्लीतल्या एकाही माणसाने ती जागा घेतली नाही. लोक दोन-दोन गल्ल्या लांब गाडी लावून, हातात सामानाच्या पिशव्या घेऊन, त्या रिकाम्या जागेला वळसा घालून चढ चढायचे. समोरचा म्हातारा कॉस्को तर जाताना खुर्चीला टोपी काढायचा. चेष्टा करायचा की मान द्यायचा, हे मायरनला कधी कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. चौपन्नाव्या वर्षीसुद्धा काही गोष्टी अशाच काचेपलीकडच्या राहतात.

त्याने खुर्ची सरळ केली. रेक्झिनच्या चिरेत बर्फ शिरला होता, तो बोटाने कोरून काढला. राग आला की मायरनला हसू फुटायचं, ही त्याची लहानपणापासूनची खोड. बापाच्या अंत्यविधीलासुद्धा फुटलं होतं. आत्ताही फुटलं. पांढऱ्या गाडीच्या काचेवर एअरपोर्टच्या भाड्याच्या कंपनीचं लेबल होतं. म्हणजे बाहेरगावचा पाहुणा. ठीक आहे बाबा, म्हटलं, तुला खुर्ची दिसत नाही ना? दाखवतो. कोपऱ्यावरच्या चर्चच्या तळघराची किल्ली त्याच्याकडे असायची, तिथला कॉम्प्युटर तोच बघायचा. तळघरात शुक्रवारच्या जेवणावळीच्या घडीच्या खुर्च्या भिंतीला टेकून रांगेत झोपलेल्या. त्याने एकेक फेरी मारायला सुरुवात केली. एक गाडीच्या पुढे, एक मागे, दोन बाजूला. मग हात थांबेना. शिट्टी वाजवत तो खुर्च्या मांडत गेला, या बाजूला, त्या बाजूला, जिथे जिथे पहाटेच कामाला गेलेल्यांच्या जागा मोकळ्या होत्या तिथे तिथे, गल्लीच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत. काम संपल्यावर मागे वळून बघितलं. पांढऱ्या बर्फात राखाडी खुर्च्या, जणू सगळी गल्ली कुणाच्या तरी भाषणाची वाट बघत बसलीय, आणि श्रोते अजून यायचेत. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं. बापाची पिवळी खुर्ची त्याने काखेत मारली आणि ऑफिसला नेली. त्या परक्या गाडीच्या शेजारी ती ठेवणं त्याला प्रशस्त वाटेना.

ऑफिस म्हणजे पूर्वीची बेकरी. पुढच्या काचेवर अजून पावाचं चित्र, त्याखाली 'फ्रंट पोर्च राइड्स'. म्हातारी, आजारी, चाकाच्या खुर्चीतली माणसं घरून उचलायची, दवाखान्यात सोडायची, परत आणायची. पुढे फोन आणि वायरलेस घेऊन रूथअ‍ॅन, मागे भट्टीच्या खोलीत मायरन आणि त्याची यंत्रं. यंत्रांना तो आपल्या मावश्यांची नावं द्यायचा. तेता मारिया, म्हणजे मारियामावशी, शुक्रवारी दुपारी जळक्या वायरचा वास सोडून कायमची गेली. साधी चार कोअरची म्हातारी, पण सतरा-अठरा ड्रायव्हरांचा दिवस बिनबोभाट हाकायची. शनिवारी कुठून तरी उसनं यंत्र आणलं, त्यावर प्रोग्रॅम थोडा चालायचा आणि 'मेमरी मिळत नाही' म्हणून मान टाकायचा. रविवारी एका युनिव्हर्सिटीने जुनं म्हणून काढलेलं एक धूड चौघांनी उचलून आत आणलं. शहाण्णव कोअर. म्हणजे एकाच टाळक्यात शहाण्णव डोकी. मायरनने त्याच्यावर पट्टी चिकटवली, 'तेता ओल्गा', कारण ओल्गामावशी दारातून आत येताना आडवी होऊन यायची. आणि या ओल्गामावशीने तर तेवढंही केलं नाही. सुरू करताक्षणी, श्वास घ्यायच्या आधी, तेच. मेमरी मिळत नाही.

"आलास का माकडा," रूथअ‍ॅन कानाला फोन लावून म्हणाली. दोन दिवस तिने सगळ्या गाड्या तोंडपाठ हलवल्या होत्या. डोळ्यांखाली चहाच्या पिशव्या लोंबत होत्या. "खुर्ची कशाला आणलीस? ऑफिसात पण जागा धरतोस?"

"माणसांचा भरवसा नाही."

"तो आलाय आत. फिनिक्सवाला. कॉफी बरी करतो पण."

फिनिक्सवाला म्हणजे ट्रेंट बॅलिंजर. तिशीतला, दात पांढरे, पातळ जाकीट, पायात कापडी बूट. डायरेक्टरबाई विल्मा प्रुइटने त्याला मदतीला बोलावलं होतं. मदतीला, आणि मदत जमली नाही तर करारावर सहीला. त्याच्या कंपनीचा प्रोग्रॅम तिकडे वाळवंटात कुठल्यातरी यंत्रावर चालतो, इथे काही ठेवावं लागत नाही. ना यंत्र, ना मायरन, ना रूथअ‍ॅन. विल्माने कालच सांगून टाकलं होतं, "उद्या तीनपर्यंत तुझं सुरू झालं तर ठीक. नाहीतर मी सही करते, मायरन. माझ्यावर डोळे वटारू नकोस. माणसं डायलिसिसला पोचायला हवीत." यात तिचं काय चुकलं? काहीच नाही. तेच तर वाईट होतं. चुकलेल्या माणसाशी भांडता येतं.

मायरनने ट्रेंटचा प्रोग्रॅम आधी बघितला होता. देखणा. नकाशावर रंगीत टिपके पळायचे. त्यात माणसाचं नाव होतं, पत्ता होता, वेळ होती. दार नव्हतं. "दार कुठे लिहायचं?" त्याने विचारलं होतं. "कसलं दार?" ट्रेंट म्हणाला. आता याला काय सांगणार! मायरनच्या आणि रूथअ‍ॅनच्या प्रोग्रॅममध्ये वीस वर्षांची दारं होती. मिसेस व्हॅलेंटी, मागच्या दाराने, पुढचं गोठतं. हॉर्न वाजवू नका, ती घाबरून धावते आणि पडते. एजेलो, कुत्रा भुंकतो, त्याला आधी नावाने हाक मारा, नाव डीकन. कॉस्को, सत्तावीस पायऱ्या, मधे दोनदा थांबतो, मदत विचारू नका, नुसते शेजारी उभे राहा. ही वाक्यं रूथअ‍ॅनने एकेका शिवीच्या बदल्यात गोळा केली होती. मेलेल्या माणसांची दारंसुद्धा त्याने पुसली नव्हती. जागा खातात, हे खरं. खाऊ दे.

"मिस्टर दुबाक, हे बघा," ट्रेंट पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला. मिस्टर म्हणायचा, ते मायरनला दाढेत अडकल्यासारखं वाटायचं. "मेमरी जवळजवळ सगळी मोकळी आहे. वापर काहीच नाही. तरी नाही म्हणतंय. माझ्या मते यंत्र कमी पडतंय."

"रिकामं आहे आणि कमी पडतंय?"

"याहून मोठं घ्यायला हवं."

"शनिवारी लहान होतं, ते थोडं चालून मेलं. हे मोठं, हे चालायच्या आधीच मेलं. आणखी मोठं आणलं तर काय, ट्रकमधून उतरवतानाच मरेल?"

ट्रेंट हसला. पोरगा वाईट नव्हता. "मग दुसरा उपाय. तुम्ही यंत्राला एक नियम घालून ठेवलाय. जेवढी मेमरी आहे तेवढीच कबूल करायची. कडक नियम आहे हा. सगळे सैल ठेवतात. मागेल त्याला हो म्हणायचं. मागतात सगळे, न्यायला कुणी येत नाही. मी दोन मिनिटांत बदलून देतो."

"नाही."

"पण का?"

भट्टीच्या खोलीत अजून, इतक्या वर्षांनी, ओलं हवामान असलं की विटांमधून यीस्टचा आंबूस वास यायचा. तो आत्ता आला, आणि त्याच्या मागोमाग ती दुपार आली. तेव्हा नियम सैलच होता. तेता मारियाने सगळ्यांना हो म्हणून ठेवलं होतं, गोड मावशीसारखं, आणि एका दुपारी सगळे एकदम आपापला वाटा न्यायला आले. वाटा नव्हता. मग यंत्राने काय केलं, सगळ्यात जो जास्त खात होता त्यालाच उचलून बाहेर फेकलं, आणि तो होता गाड्या हाकणारा प्रोग्रॅम. मिसेस व्हॅलेंटी दवाखान्याच्या दाराबाहेर भुरभुरत्या बर्फात चाकाच्या खुर्चीत बसून राहिली, मांडीवर पर्स, पर्सवर हात. रूथअ‍ॅनने स्वतः जाऊन तिला आणली. म्हातारी एवढंच म्हणाली, "येतो म्हणाला होता ना गं." मायरनने त्याच संध्याकाळी नियम कडक केला. नसलेलं कबूल करायचं नाही. जगात सगळे करतात, कारखान्याच्या मालकांनी बापाला केलं, युनियनने केलं, गव्हर्नर येऊन हात हलवून गेला. आपल्या यंत्राने करायचं नाही. बस. हे तो ट्रेंटला कसं सांगणार? सांगितलं तर तो म्हणेल, समजलं, आणि मान हलवेल, आणि त्या मान हलवण्याने सगळं स्वस्त होईल.

"कारण मी म्हणतो," मायरन म्हणाला. "खडूस माणूस आहे मी. रूथअ‍ॅनला विचार."

"खडूस नाही, गाढव!" पुढून आवाज आला.

सकाळ अशीच झिजली. सुरू कर, मेलं. बंद कर, परत सुरू कर, मेलं. प्रत्येक वेळी तीच ओळ, तोच थंड चेहरा, सरकारी खिडकीतल्या बाईसारखा. मायरन बापाच्या खुर्चीवर बसून बघत होता. डोळ्यांसमोर अक्षरं नुसती उभी राहायची, आत उतरायची नाहीत. आपण म्हातारे झालो का? पूर्वी यंत्र कण्हलं की आपल्या पोटात कळायचं कुठे दुखतंय. आता नुसता एक पोकळ गुणगुण आवाज, पंख्याचा. ट्रेंट शेजारी सभ्यपणे फोन बघत बसला होता, अगदी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बसावं तसा, आणि त्याच्या बॅगेत ते सहीचे कागद होते. मायरनला वाटलं, उठावं आणि याच्या कापडी बुटांत बर्फ भरावा. तेवढ्यानेही थोडं बरं वाटेल.

दुपारी दोनच्या सुमाराला पुढे वायरलेस खरखरला. डेल्फीनचा आवाज. डेल्फीन त्यांची सगळ्यात जुनी ड्रायव्हर, या टेकडीवरच जन्मलेली, देवालाही उलट उत्तर देईल अशी. "रूथअ‍ॅन, मी टॅनर स्ट्रीटला कॉस्कोच्या दारात आहे. दारात म्हणजे, रस्त्याच्या मधोमध. गाडी लावू कुठे?"

"कुठेही लाव की. दिवसा रिकामीच असते ती गल्ली."

"रिकामीच आहे! एक पांढरी गाडी सोडली तर चिटपाखरू नाही. पण जागा नाही!"

"काय बोलतेस काय?"

"खुर्च्या आहेत, बाई! वरपासून खालपर्यंत नुसत्या खुर्च्या! कोण मेलंय या गल्लीत?"

"मग एक उचल आणि बाजूला ठेव."

मग डेल्फीन म्हणाली, हळू, ठामपणे, "मी? दुसऱ्याची खुर्ची? माझी आजी कबरीतून उठून येईल चप्पल घेऊन. मी नाही हात लावणार. मागे ट्रक भोंगा वाजवतोय, वर कॉस्को दारात उभा राहून काठी हलवतोय. कुणाची खुर्ची आहे त्याला पाठवा!"

मायरन उठला होता. रूथअ‍ॅनने मान वळवून त्याच्याकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. तीस वर्षं बघत होती ती त्याला. "तू," ती म्हणाली. "अरे, तू कधी मोठा होणार?"

तो कोट न घालताच धावला. चढावर श्वास फाटला, घशात लोखंडाची चव आली. गल्लीच्या तोंडाशी आला आणि थांबला. खरंच रिकामी. सकाळी आपणच मांडलेलं, तरी आता वेगळं दिसत होतं. गाडी नाही, माणूस नाही, एका खुर्चीवर कुणी बसलेलं नाही, आणि मधोमध डेल्फीनची व्हॅन दिवे लुकलुकवत अडकलेली, तिला उभं राहायला वीतभर जागा नाही. भोंगा वाजतोय. कॉस्को वरून ओरडतोय, "सगळी गल्ली मोकळी आहे आणि माझी गाडी थांबत नाही! लोकशाही आहे की काय आहे!" मायरनने जवळची खुर्ची घडी करून उचलली. थंडगार पत्रा तळव्याला चिकटला. आणि तसाच उभा राहिला, खुर्ची हातात धरून, मूर्खासारखा.

कोण धरतंय या जागा? वापरणारे नाहीतच. सगळं मोकळं आहे, आणि सगळं धरलेलं आहे. आणि आपल्याकडे कबूल केलं म्हणजे केलं, खुर्चीला हात लावायचा नाही, हा नियमही आपलाच. मग ओल्गामावशीच्या आत सकाळपासून खुर्च्या कोण मांडतंय, शिट्टी वाजवत, हात थांबत नाही म्हणून? त्याला आठवलं. तेता मारिया नवी होती तेव्हा त्याने आणि रूथअ‍ॅनने प्रोग्रॅमला शिकवलं होतं, उठल्यावर आधी कोअर मोज, आणि दर कोअरमागे एक गडी उभा कर, आणि प्रत्येक गड्याला त्याचा पूर्ण वाटा आधीच धरून दे, म्हणजे मागाहून रडारड नको. चार कोअर, चार गडी, चार खुर्च्या. झकास चाललं. आता तोच आज्ञाधारक प्रोग्रॅम ओल्गामावशीच्या शहाण्णव डोक्यांकडे बघतो आणि शहाण्णव खुर्च्या घेऊन धावतो, आणि गल्ली संपते, आणि पहिली गाडी यायच्या आत ओरडतो, जागा नाही! यंत्र जितकं मोठं, तितक्या खुर्च्या जास्त. ट्रेंट आणखी मोठं आणायला निघाला होता.

त्याला हसू फुटलं. या वेळी राग नव्हता तरी फुटलं.

"हसतोस काय!" डेल्फीन खिडकीतून ओरडली. "उचल की!"

"उचलतो, बाई, उचलतो! सगळ्या उचलतो!"

दोघांनी मिळून, म्हणजे मायरनने उचलून आणि डेल्फीनने शिव्या देऊन, एक बाजू मोकळी केली. कॉस्को सत्तावीस पायऱ्या उतरला, दोनदा थांबला. डेल्फीन शेजारी नुसती उभी राहिली, हात खिशात. त्याने मदत मागितली नाही, तिने विचारली नाही. व्हॅन निघाली तेव्हा मायरन ऑफिसकडे पळत सुटला होता, आणि खरं सांगायचं तर एका जागी घसरून पडलाही, पण ते कुणी बघितलं नाही.

विल्मा भट्टीच्या खोलीत आली होती. चष्मा हातात, ट्रेंटचे कागद टेबलावर. ट्रेंट तिला पेन देत होता, घाई नव्हती त्याची, फक्त पेन हातात धरलेलं. "मायरन," विल्मा म्हणाली, "तीन वाजत आले. कुठे होतास?"

"खुर्च्या उचलत होतो."

"देवा!"

तो बसला. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला, जिथे कोअर मोजायची आज्ञा होती, ती त्याने पुसून टाकली. मोजू नकोस. कितीही डोकी दिसू देत. चार गडी उभे कर, तेता मारियाच्या वेळेसारखे. मग थोडा विचार केला आणि आठ लिहिले, ओल्गामावशीचा मान म्हणून. कडक नियम होता तसाच ठेवला, त्याला हातही लावला नाही. ट्रेंट मागे येऊन उभा राहिला होता. त्याच्या श्वासाला पुदिन्याचा वास. "पण मग बाकीचे कोअर बसून राहतील," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच कळवळा होता, जसं काही कुणीतरी पंगतीतून उपाशी उठतंय. "एवढं यंत्र वाया."

"बसू दे. सगळ्यांनी सदानकदा काम केलंच पाहिजे असं कुठाय?"

त्याने बटण दाबलं. पंखे गरगरले. एक ओळ आली, दुसरी आली. नेहमीची ती सरकारी ओळ यायची जागा आली आणि गेली. ती आली नाही. मग पुढच्या खोलीतून रूथअ‍ॅनचा पडदा उजळल्याचा तो बारीक टिंग आवाज, आणि रूथअ‍ॅन, जी रडत वगैरे नसते, मोठ्याने वाचायला लागली. "व्हॅलेंटी. मागच्या दाराने, पुढचं गोठतं. एजेलो. कुत्र्याचं नाव डीकन. अरे आहेत रे सगळी! सगळी दारं आहेत!"

विल्माने कागद ट्रेंटच्या हातात परत दिले. चष्मा डोळ्याला लावला आणि तेता ओल्गाची पट्टी वाचून पाहिली. "तुझी मावशी होती का खरंच?"

"होती. तिला एक खुर्ची पुरायची नाही. पण शहाण्णव लागत नव्हत्या."

संध्याकाळी मायरन बापाची खुर्ची काखेत मारून घरी निघाला. बर्फ निळसर झाला होता, खिडक्यांत दिवे. गल्लीत ट्रेंट आपल्या गाडीभोवती गोल गोल फिरत होता. चर्चच्या चार खुर्च्या अजून तिच्या चारी बाजूंना होत्या. मायरनने दुपारी बाकीच्या उचलल्या होत्या, या मुद्दाम नाही. कापडी बूट भिजून काळे झालेले.

"हे तुमचंच काम ना?" ट्रेंट म्हणाला. "मला वाटलं, कुणीतरी भंगार टाकलंय रस्त्यात. ती जुनी खुर्ची. मी बाजूला केली. डेस्कवरच्या बाईंनी दुपारी सांगितलं मला. फारच मोठा गुन्हा दिसतोय."

"फाशी नाही. आठ-दहा वर्षं सक्तमजुरी." मायरनने खुर्च्या उचलायला सुरुवात केली. एक ट्रेंटने उचलली. नीट घडी केली त्याने तिची.

ट्रेंट गाडीत बसला, सुरू केली, जागेतून बाहेर काढली, आणि काच खाली केली. मायरन मोकळ्या झालेल्या जागेच्या कडेला पिवळी खुर्ची घेऊन उभा. "मिस्टर दुबाक, खरंच विचारतो. तुमची गाडी कुठाय?"

"येईल."

"कधी?"

"निघ आता. विमान चुकेल."

पांढरी गाडी घसरत उतार उतरली. मायरनने मधोमध खुर्ची ठेवली, एक पाय डगमगत होता तो बुटाने दाबला. त्याने आज यंत्रातल्या अठ्ठ्याऐंशी रिकाम्या खुर्च्या काढून टाकल्या होत्या, आणि ही एक तो पुन्हा ठेवत होता, आणि कुणी येऊन विचारलं असतं की यात फरक काय, तर त्याने त्या माणसाच्या बुटात बर्फ भरला असता. तेवढ्यात चढावरून दिवे वर आले. डेल्फीनची व्हॅन, कॉस्कोला डायलिसिसवरून घेऊन परत. समोरची बाजू आता कामावरून आलेल्यांच्या गाड्यांनी भरलेली, सगळी गल्ली भरलेली. डेल्फीनने काच खाली करून एक भुवई वर केली.

मायरनने खुर्ची उचलली आणि मागे सरला. व्हॅन हळूच त्या जागेत शिरली, बापासारख्याच कापलेल्या सरळ कडांच्या आत, अगदी मापात.

दार उघडलं. कॉस्को उतरला, तोंड राखेसारखं, दंडाला पांढरी पट्टी. समोरच्या पायऱ्यांकडे त्याने बघितलं आणि बघतच राहिला. मायरनने खुर्ची पुढे केली, फुटपाथवर ठेवली. मदत विचारली नाही. शेजारी नुसता उभा राहिला. कॉस्को बराच वेळ काठीवर रेलून होता, मग बसला, आणि रेक्झिन कुरकुरलं. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली, व्हॅनकडे बघितलं, खुर्चीच्या पायाकडे बघितलं.

"तुझ्या बापाची ना ही?"

"हो."

"हं." म्हाताऱ्याने धाप आवरली. "गाडी आली म्हणायची मग."

"आली."

"उशीर केला जरा," कॉस्को म्हणाला, आणि उठायची मुळीच घाई केली नाही.